रविवारचं पान

माझ्या नणंदेनं आमच्या घरावर सिनेमा काढला. तो बघायला आम्हा सगळ्यांना बोलावलं, पण आदल्या दिवशी फोन मात्र तिनं मला एकटीलाच केला.

"वैनी, ती चिठ्ठीची गोष्ट मी घेतलीय हं. आधी सांगून ठेवते."

मी बीन्स निवडत होते. "कुठली चिठ्ठी?" असं विचारलं खरं, पण कुठली ते मला चांगलं ठाऊक होतं.

"तीच गं. अप्पांची. सिनेमाच्या शेवटी येते."

"अगं ए बाई, मी ते तुला विश्वासानं सांगितलं होतं! रडत सांगितलं होतं!"

"म्हणून तर इतकं चांगलं आलंय," ती म्हणाली, आणि कुणीतरी बोलावतंय म्हणून फोन ठेवून मोकळी झाली.

उद्या सकाळी अकरा वाजता वडपळनीच्या एका छोट्या थिएटरात पडद्यावर ती चिठ्ठी येणार, माझ्या एका बाजूला सासरे, म्हणजे तिचे अप्पा, बसलेले असणार आणि दुसऱ्या बाजूला सासू, आणि चार वर्षं मी काय दडवून ठेवलं ते दोघांना एकाच वेळी कळणार. ह्या घरात सहा वर्षांत मी मिळवलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे दोघांचा विश्वास. तो उद्या दुपारपर्यंत संपणार होता.

आता आमचं घर सांगायला हवं, त्याशिवाय काही कळायचं नाही.

मी कोल्हापूरची. पेरुंगुडीत नोकरी लागली म्हणून चेन्नईला आले आणि तंजावरी मराठी घरात लग्न करून बसले. ह्यांच्या पिढ्यान् पिढ्या इकडेच गेल्या. मराठी बोलतात, पण जुन्या पत्रातली वाटावी अशी, आणि हेल तमिळ. सासऱ्यांना मामंजी म्हणायचं, सासूबाईंना आत्याबाई. लिहायची वेळ आली की दोघंही मराठीच लिहितात, पण तमिळ अक्षरांत. देवनागरी त्यांना अडखळत येते. म्हणूनच मी हे इथं निर्धास्त लिहिते आहे.

लग्न ठरलं तेव्हा नवरा म्हणाला होता, "आमच्या घरात थोडं वेगळं आहे." थोडं! अहो, मामंजी बँकेतून रिटायर झालेले, ते रोज बाल्कनीत बसून तांबरमहून सुटणारी प्रत्येक गाडी किती मिनिटं उशिरा सुटली ते वहीत लिहितात. त्या वहीचं पुढे काय करायचं, हे कुणालाच माहीत नाही. आत्याबाई कावळ्यांना भात घालतात आणि ठराविक एक कावळा आला नाही तर स्वतः जेवत नाहीत. स्वयंपाकघरात कॉफीचे दोन फिल्टर, एक त्यांचा, एक ह्यांचा. हॉलमध्ये दोन घड्याळं. आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मी घरात आले तेव्हा ह्या अबोल्याला नऊ वर्षं झाली होती.

कारण साधंच, पण वाईट. आत्याबाई वीणा फार सुरेख वाजवतात. त्यांना एका शाळेतून पत्र आलं होतं, संगीत शिकवायला या म्हणून. तेव्हा मामंजींची आई अंथरुणाला खिळलेली. घर कोण बघणार ह्या विचारानं मामंजींनी ते पत्र आत्याबाईंना दाखवलंच नाही. त्यांच्या वतीनं नकार कळवला आणि पत्र बँकेच्या फाईलीत घालून ठेवलं. दीड वर्षानं फाईल झटकताना ते आत्याबाईंच्या हातात पडलं.

त्या आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हेत. एवढंच म्हणाल्या, "माझं पत्र ठेवून घेतलंत ना? आता काय असेल ते मला लिहूनच पाठवायचं. पत्राची किंमत कळू दे." वीणेला गवसणी घातली. मामंजी घराबाहेर गेले तरच ती निघायची, ते जिन्यात दिसले की परत गवसणीत.

तेव्हापासून कॅलेंडर सुरू झालं. इथं घरोघरी असतं तसं रोज एक पान फाडायचं कॅलेंडर. पान तळहाताएवढं, पुढे तारीख आणि राहुकाल, मागची बाजू कोरी. मामंजी सकाळी पान फाडतात, राहुकाल मोठ्यांदा वाचतात, कुणाला उद्देशून ते विचारू नये. मग त्या पानाच्या मागे निरोप. "गॅसवाला येणार." "लोणच्यात मीठ कमी." पान हातोहात द्यायचं नाही, तिसऱ्यानं न्यायचं, आणि नेणाऱ्यानं वाचायचं नाही. ज्याला मिळालं त्यानं वाचल्याची खूण करायची आणि पान परत पाठवायचं, पोच म्हणून. मामंजी निळ्या पेन्सिलीनं बँकेतली बरोबरची खूण करतात. आत्याबाई कुंकवाचं बोट टेकवतात.

हे टपाल नऊ वर्षं माझ्या नणंदेनं वाहिलं. सोळाव्या वर्षापासून. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात तिनं बॅग भरली, सिनेमाच्या कामासाठी मैत्रिणींबरोबर वडपळनीला राहायला गेली, आणि जाताना माझ्या हातात त्या दिवशीचं पान ठेवून म्हणाली, "वैनी, आता हे तुझं." मला वाटलं गंमत करते आहे. कर्म माझं!

मी मात्र त्या कामाला अगदी योग्य होते, कारण मला तमिळ वाचता येत नव्हतं. जेवताना माझी खुर्ची मधली. त्यांचा माझ्यावर विश्वास बसला तो असा. आत्याबाई एकदा म्हणाल्याही, "माझी लेक वाचायची गं चोरून. तू नाही वाचत." मला काय आनंद झाला होता तेव्हा. पण मी रोज स्टेशनांच्या पाट्या बघत जायचे, एकेक अक्षर ओळखीचं होत गेलं, आणि दोन वर्षांत मला थोडं थोडं वाचता यायला लागलं. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही.

तर त्या रविवारी आमच्या टीमचं काम अंगावर आलेलं. रविवार असून ऑफिसला बोलावलेलं, कॅब खाली हॉर्न मारते आहे, मी एक चप्पल घालून दुसरी शोधते आहे, आणि मामंजींनी पान पुढे केलं. "नेऊन दे." आत्याबाई अंघोळीला गेलेल्या. मी पान जीन्सच्या खिशात घातलं. परत फिरून कुंकवाच्या करंड्याखाली ठेवायचं एवढंच काम होतं. विसरले. संध्याकाळी सातला परत आले तर मामंजी हॉलमध्ये, इस्त्रीचा शर्ट घालून, ताठ बसलेले. घरात बनियनशिवाय काही न घालणारा माणूस. मला वाटलं, कुणी पाहुणे येऊन गेले असतील. मी "जेवलात का?" विचारलं. ते म्हणाले, "भूक नाही." आणि मी जीन्स खुर्चीवर टाकून झोपून गेले.

बुधवारी तीच जीन्स घातली. सोमवारी सगळ्यांचे कपडे धुवून वाळून घड्या होऊन आले होते, माझी जीन्स तेवढी खुर्चीवर तशीच राहिली होती; बरं झालं, नाहीतर चिठ्ठीचा लगदा झाला असता असं मनात आलं. ट्रेनमध्ये खिशात हात गेला आणि पान लागलं. पातळ कागद, रविवारची लाल छपाई मागे उतरलेली, त्यावर मामंजींचं बारीक अक्षर. नियम मोडून मी ते वाचलं. एकेक अक्षर लावत, क्रोमपेटपासून गिंडीपर्यंत.

"तुझं पत्र ठेवून घेतलं, ते चुकलं. चुकलं असं लिहायला अकरा वर्षं लागली, तेही चुकलं. आज संध्याकाळी सहा वाजता मी हॉलमध्ये बसतो. उत्तर लिहू नकोस. वीणा वाजव."

इस्त्रीचा शर्ट डोळ्यांपुढे आला.

त्याच क्षणी उतरून उलटी गाडी पकडायला हवी होती. आत्याबाईंच्या पायांवर पान ठेवायला हवं होतं. नाही केलं. तीन दिवस उशीर का झाला ते सांगावं लागलं असतं, मी वाचलं हे सांगावं लागलं असतं. उद्या देईन म्हटलं. मग परवा. मग पोंगल झाल्यावर. मामंजी त्या दिवसापासून फार कमी लिहायला लागले, गॅस आणि दूध एवढंच, आणि मी त्यांच्याकडे वर मान करून बघेनाशी झाले. चिठ्ठी पर्समधल्या चोरकप्प्यात गेली ती तिथंच राहिली. मी भित्री होते, दुसरं काही नाही. दोन वर्षांनी एकदा नणंदेजवळ मन मोकळं केलं. आता तेच पडद्यावर येणार होतं.

सिनेमाच्या दिवशी नवरा होसूरला कारखान्यात. घरात ताण आला की त्याला नेमकं होसूरचं काम निघतं. आम्ही तिघं कोडंबाक्कमपर्यंत ट्रेननं निघालो, कारण मामंजींना गाडी किती मिनिटं उशिरा सुटते ते बघायचं होतं. रविवारची सकाळ, डब्यात गर्दी नाही. खिडकीशी मामंजी, मध्ये मी, पलीकडे आत्याबाई रेशमी साडी नेसून. लेकीचा सिनेमा म्हणून दोघंही खुशीत होते. तिनं त्यांना "कॉमेडी आहे" एवढंच सांगितलं होतं. "लोक हसतील," असं म्हणाली होती.

मी ठरवलं, आत्ताच सांगून टाकायचं. पडद्यावरून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे.

"मामंजी, मला तुम्हाला एक सांगायचंय."

त्यांचं लक्ष घड्याळावर. "पल्लावरम. चार मिनिटं लेट," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी प्रेमानं, "घरी गेल्यावर लिहून दे ना."

घ्या! काय बोलणार पुढे? तेवढ्यात त्यांनी खिशातून त्या दिवशीचं पान काढून माझ्याकडे दिलं. मी ते आत्याबाईंना दिलं. त्यांनी वाचलं, पर्समधून छोटी डबी काढली, कुंकवाचं बोट टेकवलं आणि पाण्याची बाटली माझ्यामार्फत मामंजींकडे पोचली. समोरच्या बाकावरची बाई आमच्या तिघांकडे आ वासून बघत होती. मला त्या बाईसमोर रडू येईल असं वाटायला लागलं.

थिएटर लहानच, तीसेक खुर्च्या. नणंद दारात उभी, केस विस्कटलेले, चार रात्री झोप नसल्यासारखे डोळे. मी तिचा दंड धरला. "काढता येईल का ते अजून?" तिनं मान हलवली. "वैनी, आता नाही गं. बघ तरी आधी." दंड सोडवून घेऊन ती आईला आत घेऊन गेली. मी मधल्या खुर्चीत बसले. डावीकडे मामंजी, उजवीकडे आत्याबाई. दिवे गेले.

सिनेमा चांगला होता. हे मला आज कबूल करता येतं. पडद्यावर एक म्हातारा बाल्कनीत बसून गाड्यांच्या वेळा लिहीत होता आणि लोक हसत होते. एक म्हातारी भाताचा घास हातात धरून कावळ्याची वाट बघत होती आणि लोक आणखी हसत होते. मध्ये एक सोळा वर्षांची मुलगी, दोन खोल्यांमध्ये कागद घेऊन येरझाऱ्या घालणारी. परीक्षेच्या दिवशीसुद्धा. तिला ताप असतानासुद्धा. त्या मुलीवर कुणी हसलं नाही. ते बघताना मला पहिल्यांदा कळलं की नणंद घर सोडून का गेली, आणि तिच्यावरचा माझा राग थोडा खाली बसला.

मामंजी पुढे वाकून बघत होते. माझ्या कानाशी म्हणाले, "मी असा पाय ओढत चालतो?"

मला वाटलं ते मला विचारताहेत, पण तो निरोप होता. मी उजवीकडे वळून आत्याबाईंच्या कानात सांगितलं. त्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "सांग, ह्याहून वाईट."

मी सांगितलं. अंधारात मामंजी फिस्सकन हसले. दुसरा एखादा दिवस असता तर मीही हसले असते. पण पडद्यावर आता लग्न झालं होतं, सून घरात आली होती. माझं काम करणारी मुलगी माझ्यापेक्षा हातभर उंच आणि चेहऱ्यानं मख्ख. ती आल्यापासून माझा जीव टांगणीला लागला. प्रत्येक वेळी ती कागद हातात घ्यायची आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरायचे. हा नव्हे. हाही नव्हे. मामंजी हसताहेत अजून. आत्याबाई मांडीवर बोटांनी ताल धरून आहेत. हे एवढं अजून दोन मिनिटं, मग संपलं.

आणि ती चिठ्ठी आली. पडद्यावरच्या म्हाताऱ्यानं ती लिहिली, शब्द न् शब्द मी सांगितलेले. सुनेनं घेतली. स्वयंपाकघरात गेली. उघडून वाचली. चेहरा तसाच मख्ख. आणि गॅस पेटवून तिनं ती जाळली.

मागून कुणीतरी म्हाताऱ्यासाठी "अय्यो पावम" म्हणून हळहळलं. मी जवळजवळ उठलेच. जाळली नाही हो मी! असं ओरडावंसं वाटत होतं. विसरणं वेगळं, घाबरणं वेगळं, आणि जाळणं वेगळं! माझ्या पर्समध्ये ती चिठ्ठी होती, आणि मी ती पर्स पोटाशी आवळून बसले. पडद्यावर म्हातारा इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये येऊन बसला. सहा वाजले. साडेसहा. सात. हॉलमध्ये अंधार झाला तरी तो दिवा लावायला उठला नाही. आता कुणी हसत नव्हतं.

मामंजी हलेनासे झाले होते. मला वाटलं आता ते उठून जाणार. मग त्यांचा हात माझ्या मनगटावर पडला, गार.

"पोरी," ते म्हणाले. "हे खरं?"

"जाळली नाही, मामंजी," मी म्हटलं.

"म्हणजे तिला मिळालीच नाही?"

मी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं होतं ते रागावलेले असतील. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा दिसला, आणि तो चेहरा मी सहा वर्षांत कधी बघितला नव्हता. अहो, ते आनंदात होते! चार वर्षं हा माणूस समजून चालला होता की बायकोनं माफीची चिठ्ठी वाचली, रागानं पोचही पाठवली नाही आणि गवसणी काढली नाही. आणि आत्ता त्याला कळत होतं की तिनं नकार दिलाच नव्हता, तिच्यापर्यंत काही पोचलंच नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला, परत काढला. उजवीकडे आत्याबाईंची बोटं मांडीवर थांबलेली होती.

दिवे लागले, टाळ्या वाजल्या. मामंजी कुणाशी न बोलता तोंड धुवायला निघून गेले. नणंदेभोवती लोक जमले होते. मी त्यातून घुसले. "जाळली कधी गं मी?"

तिचे डोळे भरलेले. "सिनेमात कुणीतरी वाईट लागतं, वैनी," ती म्हणाली. "अप्पांना करवलं नाही. अम्मालाही नाही. तूच उरलीस." एवढ्यात कुणीतरी तिला फोटोसाठी ओढलं.

आत्याबाई बाहेरच्या बाकावर एकट्या बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेले, पर्स उघडली, चोरकप्प्यातून पान काढलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. बोलायचं बरंच ठरवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही.

"जाळली नव्हती. ही घ्या. विसरले होते, मग भीती वाटली. मी वाचली सुद्धा. मला माफ करा."

त्यांनी पानाकडे बघितलंही नाही. "ठाऊक आहे," म्हणाल्या.

"काय ठाऊक आहे?"

"कोपरा बघ."

मी पान उजेडात धरलं. रविवारची लाल छपाई मागे उतरलेली. आणि खालच्या कोपऱ्यात, जिथं पुढच्या बाजूला काहीच छापलेलं नाही, तिथं एक लाल ठिपका. बोटाच्या टोकाएवढा. चार वर्षं मी त्याला शाई समजत होते.

"सोमवारी कपडे धुवायला काढले," आत्याबाई म्हणाल्या. "मी खिसे बघते नेहमी. वाचली. सवयीनं बोट टेकवलं गं, मग लक्षात आलं. परत खिशात घातली आणि जीन्स होती तिथं ठेवून दिली."

माझ्या डोक्यात सणकच गेली. मोठ्या माणसांशी कसं बोलायचं ते सगळं विसरले. "चार वर्षं, आत्याबाई! चार वर्षं मी मेल्याहून मेले! तुमच्या डोळ्यांना डोळा देत नव्हते, आणि तुम्ही बघत बसलात?"

"बघत होते," त्या म्हणाल्या. "रोज वाटायचं, आज सांगेल. तू सांगितलं असतंस तर मलाही सांगावं लागलं असतं. तू गप्प राहिलीस, मला सोयीचं झालं."

"पण का?"

त्यांनी पदरानं ओठ टिपले. "राग संपला नव्हता. वाजवली असती त्या दिवशी तर सगळं मिटलं असतं, आणि मला मिटवायचं नव्हतं. वर्षभरानं राग संपला. पण तेव्हा काय सांगायचं? वाचून गप्प बसले म्हणून? त्यांनी माझं पत्र ठेवून घेतलं, तसंच मी त्यांचं ठेवून घेतलं की."

आणि समोरून मामंजी आले. तोंड धुतलेलं, केसांना पाणी लावून भांग काढलेला. माझ्याकडे न बघता सरळ आत्याबाईंपुढे येऊन उभे राहिले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

"तुला मिळाली नाही ना?" ते म्हणाले. तोंडानं. मोठ्यानं. लहान मुलासारखा आवाज.

आत्याबाईंनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे बघत होते. त्या खरं सांगणार होत्या. मला दिसत होतं. त्यांना खोटं बोलता येत नाही, गप्प राहता येतं तेवढं. आणि खरं सांगितलं असतं तर ह्या माणसाच्या चेहऱ्यावरचा तो अर्ध्या तासाचा आनंद तिथंच विझला असता, त्या बाकापाशी, लेकीच्या फोटोच्या गडबडीत. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत विनवणी होती, आणि ती माझ्याकडे होती.

मी पानाची मूठ वळली.

"नाही मिळाली, मामंजी," मी म्हटलं. "माझ्याकडून हरवली. माझीच चूक."

"हरवली म्हणजे कुठे? आता काय हातात आहे ते? दाखव."

ठिपका! बँकेत पस्तीस वर्षं लोकांच्या सह्या तपासलेला माणूस, त्याला तो ठिपका क्षणात दिसला असता.

"हे तिकीट आहे ट्रेनचं," मी मूठ पाठीमागे नेली. "चिठ्ठी मी कॅबमध्ये चोरून वाचली, मग ती जीन्सच्या खिशात राहिली आणि मशीनमध्ये गेली. लगदा झाला. सोमवारच्या कपड्यांत. सांगायची हिंमत झाली नाही."

आत्याबाई खिसे तपासतात, हे मामंजींना माहीत असण्याचं कारण नव्हतं. घरात कपडे कोण धुतं आणि कसे, हे त्यांना लग्नापासून कधी कळलेलं नाही. त्यांनी माझं म्हणणं जसंच्या तसं मानलं. मग मला रागावले. पहिल्यांदाच, भरपूर, लोकांसमोर. "एक काम दिलं होतं! एवढासा कागद! जबाबदारी म्हणून काही असते की नाही?" रागावतानाही त्यांना हसू आवरत नव्हतं. मी मान खाली घालून ऐकलं. आत्याबाई हलकेच म्हणाल्या, "पोदुम. पुरे करा." त्याही थेट त्यांनाच. ते चटकन गप्प झाले.

परतताना ट्रेनमध्ये मी खिडकीशी बसले. मधली खुर्ची, म्हणजे बाकावरची मधली जागा, मामंजींनी घेतली. बोलणं फारसं झालं नाही. पंधरा वर्षांनी एकदम काय बोलणार? गाडी किती लेट आहे, ते त्यांनी आत्याबाईंना सांगितलं. आत्याबाई "हं" म्हणाल्या.

संध्याकाळी पावणेसहाला मामंजी इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये येऊन बसले. आत्याबाईंनी गवसणी काढली, वीणा मांडीवर घेतली आणि खुंट्या पिळायला लागल्या. एकेक तार पुन्हा पुन्हा लावून बघत होत्या. वेळ लागत होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. पान अजून माझ्याकडेच होतं, पर्समधल्या त्याच कप्प्यात. ते जाळून टाकावं, असं तेव्हा खरंच मनात आलं. नणंदेला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती दुसरा सिनेमा काढेल.

मामंजींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तुझ्यापायी चार वर्षं गेली माझी, पोरी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, हळहळ होती. "ह्या वयात चार वर्षं म्हणजे थोडी नव्हेत."

खुंटीवरचा आत्याबाईंचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं नाही.

"हो, मामंजी," मी म्हटलं. "माझ्यापायीच."